पैठणला एक रात्र राहा

छत्रपती संभाजीनगरपासून पैठण जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे, आणि या जवळिकीमुळेच पैठण नीट पाहायचे राहून जाते. मंडळी सकाळी नऊ-दहाला घरून निघतात. बिडकीन, ढोरकीन मागे टाकून अकराच्या सुमारास संत एकनाथांच्या समाधीवर डोके टेकवतात, दुपारी ज्ञानेश्वर उद्यानात डबा सोडतात, एखादे पैठणीचे दुकान बघतात आणि दिवेलागणीला घरी परततात. या वेळापत्रकात नाथसागरावरचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावरचा, एकही पक्षी नीट दिसत नाही. पाणपक्षी पहाटे आणि सांजेला हालतात. दुपारी बारा वाजता तुम्ही काठावर उभे राहाल तेव्हा पाण्यावर तरंगणारे काळे ठिपके आणि डोळ्यांत जाणारी चकाकी एवढेच पदरी पडेल. म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच, की पैठणला मुक्कामी जा. लॉज आहेत, भक्तनिवास आहेत. खोली साधी मिळाली तरी चालेल, पण पहाटे साडेपाचला तुम्ही पैठणमध्ये असला पाहिजेत.

दुसरी सूचना. निघण्याआधी पाणीपातळी बघा, कॅलेंडर नंतर. जायकवाडीत किती टक्के साठा आहे हे संभाजीनगरच्या वर्तमानपत्रांत येतच असते. आपल्या नळाला पाणी येणार की नाही यासाठी आपण तो आकडा वाचतो, पक्षी बघणाऱ्याने तो आणखी एका कारणासाठी वाचावा. धरणाची पूर्ण पातळी १५२२ फूट. या पातळीला पाणी टेकले, की ते काठच्या गवताला आणि बाभळींना भिडते. उथळ जागा उरत नाही, आणि ज्यांचे पाय बोटभर लांबीचे त्या चिखलातल्या पक्ष्यांना उभे राहायला ठाव मिळत नाही. पाणी उतरू लागले की चित्र पालटते. नाथसागर बशीसारखा पसरट असल्यामुळे पातळी थोडी जरी खाली गेली तरी काठ पुष्कळ मागे सरकतो आणि ओल्या गाळाचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात. त्या गाळात किडे, अळ्या, शिंपले, गोगलगायी असतात. पाय ठेवण्यापुरती जमीन मोकळी झाली, की शेकाटे, तुतवार, चिखले आणि त्यांच्या मागोमाग शराटी, चमचे, करकोचे येतात. शेतकरी याच ओल्या जमिनीत गाळपेर करतात. माणूस आणि पक्षी एकाच ओलीवर हिवाळा काढतात.

याचा हिशेब असा बसतो. ऑक्टोबरच्या अखेरीस बदके येऊ लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धरण भरलेले असेल तर मोकळ्या पाण्यावर बदकांचे थवे बघायचे. जानेवारी-फेब्रुवारी हा सर्वांत भरघोस काळ, कारण तोवर गाळही उघडा पडलेला असतो आणि थंडीचे पाहुणेही गेलेले नसतात. मार्चमध्ये बदके कमी होतात, पण रोहित बघायला हाच काळ बरा. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, ज्याला अग्निपंख असेही म्हणतात. त्याला गुडघाभर उथळ पाणी लागते, चोच उलटी करून तो चिखलपाणी गाळून खातो, आणि तसे पाणी उन्हाळ्याच्या तोंडाशीच पसरते. मी एकदा ऑगस्टमध्ये, पावसाने हिरव्यागार झालेल्या रस्त्याच्या मोहात पडून गेलो होतो. पाणी डोळाभर दिसले, पक्षी म्हणाल तर पाणकावळे आणि बगळे. पावसाळा पैठणसाठी चांगला आहे, पक्ष्यांसाठी नाही.

आता पहाटेकडे येऊ. नकाशा उघडून एक गोष्ट लक्षात घ्या. गोदावरी इथे पूर्वेकडे वाहते आणि जलाशय पैठणच्या पश्चिमेला, वरच्या अंगाला आहे. म्हणजे पैठणच्या बाजूने पाण्याकडे तोंड करून उभे राहिलात, तर सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यांचे रंग अंगासरशी उजळून दिसतात. संध्याकाळी तोच सूर्य समोरून डोळ्यांवर येतो आणि नारिंगी चक्रवाकसुद्धा काळा दिसतो. म्हणून या काठावर सकाळच साधायची. पिंपळवाडी, सोनेवाडी या बाजूंनी पाण्यापर्यंत कच्च्या वाटा जातात. कुठली वाट या आठवड्यात पाण्याला भिडते हे पातळीवर ठरते, तेव्हा आदल्या संध्याकाळी गावात मासे उतरवणाऱ्या कोळी-भोई मंडळींना विचारा. "भाऊ, सध्या पाखरं कुठं उतरतायत?" एवढा प्रश्न पुरतो. सगळ्या हंगामाचे पाणी त्यांच्या डोळ्यांखालून गेलेले असते, आणि मला आजवर सर्वांत अचूक उत्तरे त्यांच्याकडूनच मिळाली आहेत.

धरणाच्या भिंतीवर मात्र परवानगीशिवाय जाऊ नका. ही भिंत जवळपास दहा किलोमीटर लांब आहे, तिला २७ दरवाजे आहेत, आणि ती सुरक्षेच्या दृष्टीने जपलेली जागा आहे. पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. नाव जायकवाडी, पण ते गाव इथे नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळात हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीला बांधायचे ठरत होते. जागा बदलून वर पैठणला आली, नाव तेच राहिले. पाणफुगवट्याखाली शंभराहून अधिक गावे गेली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, की जुन्या घरांची जोती उघडी पडतात आणि त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात. दुर्बिणीतून ते दृश्य सुंदर दिसते. कुणाचे तरी अंगण होते ते, हेही तेव्हा मनात असू द्या.

हे सगळे पक्षिवैभव केवळ पन्नाशीतले आहे, हे ध्यानात आले तेव्हा मला नवल वाटले होते. सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा इथे वाहती नदी होती, सागर नव्हता. पाणी अडल्यावर पक्षी आले आणि दहा वर्षांत इतके झाले, की १९८६ मध्ये जलाशय आणि परिसर मिळून ३४१ चौरस किलोमीटरचे जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झाले. त्याचा काही भाग संभाजीनगर जिल्ह्यात आहे, काही अहिल्यानगर जिल्ह्यात.

पहिल्यांदाच जात असाल तर सगळे पक्षी ओळखण्याचा हट्ट धरू नका. सहा-सात ओळखले तरी दिवस सोन्याचा. आणि पैठणमध्ये सुरुवात वारकऱ्यापासूनच करावी. हा काळाकुट्ट, कोंबडीएवढा पाणपक्षी. त्याची चोच आणि कपाळ पांढरेशुभ्र, लांबून पाहिले तर कुणी गंध लावल्यासारखे दिसते. इंग्रजीत त्याला कूट म्हणतात, मराठीत चांदवा आणि वारकरी. नाथांच्या गावच्या पाण्यात शेकड्यांनी वारकरी एकत्र तरंगत असतात, आणि धोका वाटला की सगळा मेळा पाण्यावर पाय आपटत धावत सुटतो. त्यांच्या आसपास हळदी-कुंकू शोधा. हे आपले इथलेच बदक. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि कपाळाशी, चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके. हे नाव ज्या कुणा बाईला किंवा बाप्याला पहिल्यांदा सुचले, त्याची नजर किती घरगुती आणि किती नेमकी असेल! थापट्याची चोच थापीसारखी पसरट, तलवार बदकाची शेपटी टोकदार, भिवई बदकाला डोळ्यावर पांढरी कमान. मराठी नावे पाठ करायला लागत नाहीत, ती पक्षी दाखवूनच पुढे जातात. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत आणि नंतरही आयुष्यभर ही नावे आदिवासींकडून, कोळ्यांकडून, जुन्या पोथ्यांतून गोळा केली. त्यांचा 'पक्षिकोश' घरी असावा. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. 'चकवाचांदण' हे त्यांचे आत्मचरित्र. आणि चक्रवाक म्हणजे नारिंगी अंगाचे ते मोठे बदक, जे जोडीजोडीने नाथसागराच्या काठावर उभे असते.

आणि पट्टकादंब दिसला, तर बाकी सगळे पाच मिनिटे बाजूला ठेवा. राखी रंगाचा हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. मंगोलिया, तिबेट, लडाख इकडे त्याची वीण होते, आणि हिवाळ्यासाठी तो हिमालय ओलांडून खाली येतो. उपग्रहाने माग काढलेल्या पट्टकादंबांपैकी एक सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. तिथे हवेत प्राणवायू निम्म्याहूनही कमी असतो. एवढे करून आलेला पाहुणा सकाळी आठ वाजता पैठणच्या काठावर निवांत गवत खुडत असतो. त्याच्या मानेत कधी रंगीत प्लास्टिकचे कडे असते आणि त्यावर अक्षर-अंक. परदेशी अभ्यासकांनी घातलेली ती खूण असते. रंग, अक्षरे, तारीख आणि जागा टिपून घ्या, फोटो मिळाला तर उत्तम, आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. तुमच्या एका ओळीवरून त्या पक्ष्याचा हजारो किलोमीटरचा प्रवास जुळतो.

साधने थोडीच लागतात. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण नवशिक्याला सर्वांत सोयीची. दहापट दाखवणारी दुर्बीण हात हलला की चित्र हलवते. कपडे मातीच्या रंगाचे. जानेवारीत काठावर पहाटे झोंबरा गारठा असतो, कानटोपी लाज न बाळगता घाला. बुटांचा विचार मात्र नीट करा, कारण खरा धोका गाळाचा आहे. वरून तडकलेला, वाळलेला दिसणारा गाळ आतून लोण्यासारखा असतो आणि माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. गुरांच्या पावलांचे ठसे जिथे खोल गेलेले दिसतात तिथून परत फिरा. थर्माकोलच्या तराफ्यावर बसवून आत नेतो असे कुणी म्हटले तर नम्रपणे नाही म्हणा. मासेमारी करणाऱ्याचे आयुष्य त्या तराफ्यावर गेलेले असते, तुमचे नाही.

काठावर वागण्याबद्दल थोडे कळकळीने सांगायचे आहे. फोटोसाठी थवा उडवणे हा अपराध आहे असे मी मानतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात, आणि प्रत्येक वेळी घाबरून उडताना ती चरबी जळते. आपण चार जण गेलो, आपल्यामागून आणखी चार गेले, की थव्याची सगळी सकाळ उडण्यातच जाते. दुसरी गोष्ट याहून नाजूक. नदी सुरय आणि पाणभिंगरी हे पक्षी घरटे बांधत नाहीत. फेब्रुवारी-मार्चपासून उघड्या पडलेल्या वाळूवर, बेटांवर, खडकाळ काठावर ते सरळ जमिनीवर अंडी घालतात. अंडी अगदी खड्यांसारखी, ठिपकेदार. तुम्ही चालत असताना एखादा सुरय तुमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला, किंवा पाणभिंगरी पंख मोडल्याचे सोंग करत पुढे लंगडू लागली, तर जागच्या जागी थांबा आणि आल्या पावली मागे या. तुमच्या पुढच्या पावलाखाली अंडे असू शकते. ड्रोन तर आणूच नका, अभयारण्यात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही.

नऊ-साडेनऊला ऊन चढते, पक्षी विसावतात, आणि गाव जागे झालेले असते. आता पैठण पायी हिंडायचे. गाडी बाहेरच ठेवा, आतल्या गल्ल्यांत ती तुम्हाला आणि गावाला दोघांनाही त्रास देते.

आधी गावातले नाथ, मग बाहेरचे नाथ, असा क्रम ठेवा. बाहेरचे नाथ म्हणजे त्यांची समाधी, आणि गावातले नाथ म्हणजे एकनाथांचा राहता वाडा, जिथे आता मंदिर आहे. या वाड्यातला रांजण बघा. श्रीखंड्या होऊन देवाने ज्यात कावडीने पाणी भरले, असे भाविक मानतात तोच हा रांजण. तुकाराम बीजेपासून तो भरायला सुरुवात होते, गावातली माणसे घागरीने पाणी आणून ओततात, आणि ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहू लागतो, त्याच्या रूपाने देव आला असे समजतात. पुढे चार दिवसांनी फाल्गुन वद्य षष्ठी, नाथषष्ठी. नाथांनी १५९९ मध्ये याच तिथीला गोदावरीत देह ठेवला. त्या दिवसांत गाव दिंड्यांनी भरून जाते, राहायला खोली मिळत नाही. भक्तीसाठी जायचे तर तेव्हाच जा. दुर्बीण घेऊन जायचे तर तो आठवडा टाळा.

वाड्यात उभे असताना एक आठवण ठेवण्यासारखी आहे. १५८४ साली नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसावर या गावाचे ते ऋण आहे. आणि ज्ञानेश्वर स्वतः भावंडांसह शुद्धिपत्र मागायला इथेच आले होते. रेड्यामुखी वेद वदवले ती जागा म्हणून नागघाट दाखवतात. नागघाटावर बसलात तर दुर्बीण पुन्हा काढा. धरणाखालच्या खडकांवर, डबक्यांत, शेकाटे, धोबी, खंड्या आणि सुरय दिवसाही असतात. दुपारी पक्षी पाहायचे तर ही एकच जागा.

त्याहून मागे गेले तर प्रतिष्ठान. सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरचे शहर म्हणून पैठणचा उल्लेख आहे. संभाजीनगर जिल्ह्यातल्याच पितळखोऱ्याच्या लेण्यांत इथल्या एका गांधिकाच्या, म्हणजे अत्तर-सुगंधाच्या व्यापाऱ्याच्या कुळातल्या दात्याचे नाव कोरलेले आहे. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखली जाणारी प्राकृत 'गाथासप्तशती' गोदावरीच्या काठाने भरलेली आहे, आणि तिच्यात कमळाच्या पानावर निश्चल बसलेल्या बगळीचे एक चित्र आहे. तुम्ही सकाळी जे पाहिले तेच कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी इथे पाहिले असावे, असे मला ते वाचताना वाटते. राजधानीचे मात्र डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. कोरीव तीर्थखांब बघा, बाळासाहेब पाटील यांनी हौसेने जमवलेल्या पुराणवस्तूंचे संग्रहालय उघडे असेल तर जरूर बघा. बाकी सगळे पांढरीच्या टेकाडाखाली आहे. पावसानंतर त्या मातीत खापरे, मणी वर येतात. हात लावू नका, उचलून तर मुळीच नेऊ नका. जागेवरून हललेला मणी काहीच सांगत नाही, आणि कायद्यानेही तो आपला नसतो.

पैठणी घ्यायची असो वा नसो, माग बघायला तासभर काढा. शासनाचे पैठणी केंद्र आहे, काही विणकरांच्या घरीही माग दाखवतात. पदरावर नक्षी भरताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते आणि एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे दोन धागे एकमेकांत अडकवले जातात. म्हणून अस्सल पदर उलटा केला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत असतील तर ते यंत्रमागाचे काम. दुकानात पहिल्यांदा पदर उलटून बघा, मग भाव विचारा. हाताने भरलेल्या पदराला महिनोन् महिने लागतात, भाव त्याच हिशेबाने असतो, फार घासाघीस करू नका. आणि नक्षी ओळखा. बांगडी मोर, वेलीवरचे राघू, ज्यांना विणकर मुनिया म्हणतात, हंस, कमळ. खरी मुनिया म्हणजे गवतावर झुलणारा चिमणीएवढा पक्षी, ती तुम्हाला संध्याकाळी शेताच्या बांधावर भेटेल.

संध्याकाळ शेतांसाठी राखा. डिसेंबर-जानेवारीत शाळूची कणसे भरतात, हुरड्याचे दिवस असतात. ओळखीचा शेतकरी असेल तर हुरडा खा, नसेल तर ओळख करून घ्या. मराठवाड्यात ते अवघड नाही. कणसे भरली की भोरड्या येतात, गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या मैना, हजारांच्या लाटांनी. त्या ज्वारीवर उतरतात तेव्हा शेतकरी गोफण काढतो. त्याला वाईट म्हणू नका, त्याचे वर्षाचे धान्य असते. त्याच भोरड्या किडेही भरपूर खातात, हेही त्याला ठाऊक असते. बांधावर नीलपंख, तारेवर वेडे राघू आणि कोतवाल, माळावर चंडोल आणि माळटिटव्या, गाळपेरीवरून तरंगत जाणारा दलदली भोवत्या. हरभऱ्याच्या शेतात कांड्या करकोच्यांचा थवा उतरलेला दिसला तर बांध ओलांडू नका, रस्त्यावरूनच बघा. पिकातून चालणाऱ्या पक्षिमित्राला शेतकरी दुसऱ्यांदा उभे करत नाही, आणि त्याचे बरोबर आहे.

जेवायला भाकरी, ठेचा, पिठले कुठेही मिळते. मासे खात असाल तर धरणातला मरळ किंवा रोहू मागा.

दुसरा दिवस हाताशी असेल तर पहाट पुन्हा त्याच काठावर घालवा. कालचे पक्षी आज ओळखीचे वाटतात आणि नजर नव्यांकडे जाते. मग सवड असली तर पैठण सोडून जलाशयाच्या वरच्या टोकाला, नगर रस्त्यावरच्या कायगाव टोक्याला जा. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते, पाणी उथळ आणि गाळाचे असते, आणि पलीकडे टोक्याचे पेशवेकालीन सिद्धेश्वर मंदिर आहे. मंदिराच्या भिंतींवरचे कोरीव काम निवांत बघण्यासारखे आहे.

वही जवळ ठेवाच. तारीख, वेळ, जागा, धरणातला साठा किती टक्के, कोणता पक्षी, साधारण किती. साठ्याचा आकडा लिहिणे कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो. दोन-तीन वर्षांनी वही चाळाल तेव्हा कोणत्या पातळीला कोणते पक्षी कुठे होते हे तुमचे तुम्हाला उलगडेल. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, त्यात स्थानिक पक्षिमित्रांबरोबर सामील व्हा. मोजायला शिकवतात. आधी दहा पक्षी मोजायचे, ते डोळ्यांत किती जागा घेतात हे बघायचे, मग तेवढ्या जागा थव्यावर मांडत जायचे. पहिल्या दिवशी हजाराचे सहाशे होतात किंवा दोन हजार. वारकऱ्यांवर सराव करा, ते एका जागी बराच वेळ थांबतात.